आजोबांच्या वाड्यात पंखा लागत नव्हता

एका वाचकाचं पत्र बरंच मोठं होतं, नावगाव काढून थोडक्यात देतेय.

लिहिणाऱ्यांचं वय ४३, पुण्यात फ्लॅट, आयटीत नोकरी. वाईजवळ सहा गुंठ्यांचा एनए प्लॉट घेतलाय. आजोबांचा वाडा वाटण्यांमध्ये गेला आणि दहा वर्षांपूर्वी पाडला, तेव्हापासून तसंच घर पुन्हा बांधायचं डोक्यात आहे. चौक, दोन फुटी दगडी भिंती, सागवानी खांब, कौलं, दिंडी दरवाजा, ओसरीवर झोपाळा, सगळं मिळून तीन हजार स्क्वेअर फूट. आईवडील (७४ आणि ७९) तिथे कायम राहणार, हे दोघं नवराबायको शनिवार-रविवार आणि पुढे कधीतरी कायमचे. एसी नको, वीजबिल जवळपास शून्य हवं. "आजोबांच्या वाड्यात मे महिन्यातसुद्धा पंखा लागायचा नाही, हे मी स्वतः अनुभवलंय." आर्किटेक्टचं म्हणणं असं की एकूण ८० लाखांतले निम्मे दगड आणि सागवानातच जातील, त्यापेक्षा आरसीसी करू, बाहेरून दगडाचं क्लॅडिंग, म्हणजे पातळ चकत्या, लावू, चौकावर पारदर्शक छप्पर टाकू आणि वर सोलर बसवू म्हणजे एसी फुकटात चालेल. बायकोला अंधारं घर नकोय. मेहुणा म्हणतो वाड्याचा नाद सोड. "आपले पूर्वज काही मूर्ख नव्हते. मग मी नक्की काय करू?"

नमस्कार,

पूर्वज मूर्ख नव्हते हे मान्य. तुमचा आर्किटेक्टही मूर्ख नाहीये, आणि मेहुण्याबद्दल मी काही बोलत नाही. पण पत्र वाचताना मी त्या पंख्याच्या वाक्यापाशीच अडकले. खरं सांगा, तुम्ही त्या वाड्यात मे महिन्यातच जायचात ना, म्हणजे सुट्टीत, वय आठ-दहा असताना? दुपारी मोठ्यांनी दटावून माजघरात आडवं केलेलं, संध्याकाळी चौकात सडा मारलेला, आणि रात्री गाद्या ओसरीवर नाहीतर माडीवर, खिडक्या सताड उघड्या. पंखा लागेल कशाला? रात्री तुम्ही घराच्या आत झोपतच नव्हतात!

आता हाच प्रश्न आईंना विचारा. त्या त्याच घरात सून म्हणून राहिल्यात, बाराही महिने. चुलीचा धूर, सकाळी नऊ वाजता सुद्धा दिवा लावावा लागणारं स्वयंपाकघर, जानेवारीत पाय ठेववत नाही अशी फरशी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला आलेली ओल न् आठवडा आठवडा न वाळणारे कपडे. मी वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करते, आणि मोजमापं घ्यायला गेलं की घरातले पुरुष मला खांब दाखवतात आणि बायका ओल दाखवतात, हे इतक्या वेळा झालंय की आता मी आधी बायकांशीच बोलते. तुमच्या बायकोची "अंधारं घर नको" ही तक्रार तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलीत, मला ती सगळ्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती वाटली.

तुमची आठवण खोटी आहे असं मी म्हणत नाहीये. वाडा गार असायचाच. पण त्यात दगडाइतकाच वाटा घरातल्या माणसांच्या सवयींचा होता. माणसं दिवसभर घरात सरकत असायची, सकाळी ओसरी, दुपारी माजघर, संध्याकाळी चौक, रात्री माडी. ऊन चढायच्या आत कुणीतरी झडपा लावून घ्यायचं आणि दिवेलागणीला कुणीतरी त्या उघडायचं. हे सगळं करायला घरात पंधरा माणसं होती. तुमच्या नव्या घरात सोमवार ते शुक्रवार दोन माणसं असतील, दोघंही सत्तरी ओलांडलेली. जिन्याने वर जाऊन रोज दहा खिडक्या उघडबंद कोण करणार? डिझाईन करताना हा प्रश्न दगडाच्या आधी येतो.

आता दगडाकडे येऊ, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. दोन फुटी भिंत म्हणजे उष्णता अडवणारी भिंत असं सगळ्यांना वाटतं, पण आपला काळा बसाल्ट उष्णता तशी फारशी अडवत नाही. गणित मांडलं तर दोन फुटी दगडी भिंतीतून जेवढी उष्णता आत झिरपते तेवढीच साधारण नऊ इंची विटांच्या भिंतीतूनही झिरपते, आणि आठ इंची एएसी ब्लॉकची (हवेच्या बुडबुड्यांनी हलक्या केलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत त्याच्या निम्म्याहून कमी जाऊ देते. मग दगडी भिंतीचा फायदा काय? तर ती रांजणासारखी आहे. उष्णता साठवते. दुपारचं ऊन बाहेरून आत पोचेपर्यंत मध्यरात्र उलटते, आणि घरातली दुपारची गरमीही ती गुपचूप पोटात घेते. पण रांजण रोज रिकामा करावा लागतो! रात्री गार वारा आतून फिरला तरच भिंत दुसऱ्या दिवसासाठी मोकळी होते. वाईला हे जमतं, कारण देशावर उन्हाळ्यात दुपारी ३७-३८ असलं तरी पहाटे २२च्या आसपास उतरतं, चांगला पंधरा अंशांचा फरक मिळतो. (म्हणूनच कोकणातल्या कुणी हे वाचून दोन फुटी भिंती बांधायला घेऊ नयेत, तिथे रात्रही दमटच असते, तिथली जुनी घरं उतरत्या छपरांवर, पडव्यांवर आणि वाऱ्यावर चालतात.)

तर तुम्ही दगडी भिंती बांधल्या आणि डास, चोर, साप या भीतीने रात्री सगळं बंद करून झोपलात, तर चार-पाच दिवसांत रांजण भरतो आणि मग ते घर रात्रीही तापलेलं राहतं. आणि अशा खोलीत एसी लावला तर तो आधी तास दोन तास भिंती गार करत बसतो, माणूस नंतर. उलट एएसी ब्लॉकची छोटी खोली एसीने दहा-पंधरा मिनिटांत गार होते पण वाऱ्यावर चालवायची म्हटली तर दुपारी लवकर तापते. दोघांचे स्वभाव वेगळे. म्हणून मी म्हणेन की सगळं घर एकाच प्रकारचं करू नका. दिवसा वापरायच्या खोल्या, म्हणजे सोपा (पुढची बसायची जागा), माजघर, जेवणाची जागा, यांना जाड भिंती द्या. आणि आईवडिलांची झोपायची खोली तळमजल्यावर, ईशान्येच्या कोपऱ्यात, हलक्या आणि उष्णता अडवणाऱ्या भिंतींची करा, आणि तिथे एसीचा पॉइंट घालून ठेवा. "एसी नको" हे तुमचं व्रत आहे, ७९ वर्षांच्या वडिलांचं नाही. वर्षातले पंधरा-वीस दिवस लागेल, लागू दे. नवीन एसी तसेही चालू केल्यावर २४ अंशांवरच सुरू होतात (२०२० पासून तसा नियमच आहे), त्याच्या खाली न्यायची गरज त्यांना पडणार नाही.

बाकी घर रात्री उघडं ठेवता यावं यासाठी खिडक्यांची रचनाच तशी करावी लागेल. छताजवळ झरोके ठेवा, त्यांना पक्के गज आणि बारीक जाळी, पावसाची झड येऊ नये म्हणून वर छज्जा, आणि झडप खालून दोरीने नाहीतर दांड्याने उघडेल अशी. हे झरोके मार्च ते मे रात्रभर उघडे राहिले पाहिजेत आणि कुणाला स्टुलावर चढायला लागता कामा नये. खाली ओसरीच्या बाजूला जाळीचं दुसरं दार. गरम हवा वरून निघून जाते, गार हवा खालून येते, वीज शून्य. दिसायला काही भारी नाही हे, दिंडी दरवाज्यासारखे फोटो येणार नाहीत, पण घर गार राहणार ते यानेच.

आता चौक. इथे मला थोडं थांबायचंय कारण चौकाबद्दल लोक फार हळवे होतात, मीसुद्धा.

जुन्या गावठाणात वाडे एकमेकांना खेटून असत, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, पुढे रस्ता, आणि रस्त्याकडे मुद्दाम भुंडी भिंत, कारण काळ तसा होता. उजेड-वारा आणायला चौकाशिवाय दुसरी जागाच नव्हती. तुमच्या प्लॉटला नियमाप्रमाणे चारही बाजूंनी मार्जिन, म्हणजे मोकळी जागा, सोडायचंय. म्हणजे उजेड-वारा बाहेरूनच मिळतो. त्यात मधोमध चौक घातला की उन्हापावसाला तोंड देणाऱ्या भिंती बऱ्याच वाढतात, आणि घर पसरतं. म्हणजे ज्या गोष्टीने आजोबांचं घर वाचवलं तीच तुमच्याकडे थोडी महागात पडू शकते. तरी चौक करू नका असं मी म्हणणार नाही, फक्त तीन बाजूंनी घर आणि पूर्वेकडून उघडा, पुढे बुटकी भिंत आणि दिंडी दरवाजा, असा विचार करून बघा. सकाळचं कोवळं ऊन आत येईल, तुमचा दिंडी दरवाजाही राहील, आणि एका बाजूचं बांधकाम वाचेल.

मापाचं सांगते. वाईला २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४८-४९ अंशांवर असतो. म्हणजे चौकाच्या दक्षिणेकडची पागोळी (छपराची खालची कड) जेवढी उंच त्याच्या जवळपास ०.८८ पट सावली चौकात पडते. दक्षिणेला दोन मजले घेतले, पागोळी अठरा फुटांवर, तर सोळा फूट सावली, चौदा फुटी चौकात थंडीत उन्हाचा टिपूस नाही. तीच बाजू एकमजली ठेवली, पागोळी नऊ फुटांवर, की सावली आठ फूट, उरलेल्या सहा फुटांत तुळस, वाळवणं, आणि वडिलांची खुर्ची. (कौलांचा उतार तीसेक अंशांचा असतो म्हणून मागच्या आढ्याची सावली पागोळीच्या पुढे येत नाही, नाहीतर हे गणित फसलं असतं.) म्हणजे वरचा मजला करायचाच असेल तर तो उत्तरेच्या बाजूला. साधी गोष्ट आहे पण मी कितीतरी नवे "वाडे" बघितलेत ज्यांच्यात दर्शनी भाग दक्षिणेला म्हणून तिकडेच दोन मजले चढवलेत आणि चौकात वर्षभर शेवाळ.

उन्हाळ्याचं मात्र उलटं आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. चौक कितीही अरुंद करा, ऊन सरळ विहिरीत पडल्यासारखं फरशीवर पडणार. "चौकामुळे दुपारी गारवा" हे म्हणूनच अर्धसत्य आहे, दुपारी चौक तापतोच, गारवा येतो तो रात्री, आकाश उघडं असल्यामुळे. दुपारसाठी चौकाभोवतीची ओसरी किमान सहा फूट खोल ठेवा म्हणजे तापलेल्या फरशीची धग थेट खोलीत येत नाही. आणि सगळा चौक दगडी फरशीने बंद करू नका, मधला भाग मातीचा ठेवा, एखादं पारिजातक लावा, संध्याकाळी पाणी शिंपडलं की मातीच काम करते.

आणि ते पारदर्शक छप्पर, कृपा करून नको. हे पाप मी स्वतः केलंय म्हणून सांगते. एका घरात माकडं आणि पाऊस या दोन कारणांसाठी मालकांनी आग्रह धरला, मी फार ताणलं नाही, पॉलिकार्बोनेट टाकलं. पहिल्याच एप्रिलमध्ये फोन, तुळस करपली आणि माडीवर दुपारी पाय ठेववत नाही. ऊन आत येतं, तापलेली हवा बाहेर जायला वाट नाही, आणि रात्री आकाशाकडे उष्णता सोडायची सोयही बंद, मग दुसरं काय होणार. शेवटी शीटा काढून नुसती लोखंडी जाळी ठेवली. माकडांसाठी जाळी पुरते. पावसासाठी चौकाला चांगला उतार द्या, मोठ्या तोंडाची मोरी, आणि पागोळ्यांना पन्हळ लावून ते पाणी टाकीत घ्या. चौकात पाऊस पडला पाहिजे, तुम्हाला वाडा हवाय ना!

छप्पर. पैसे कमी पडले तर बाकी सगळीकडे काटकसर करा पण इथे नको, कारण उन्हाळ्यात घरात येणाऱ्या उष्णतेचा सगळ्यात मोठा वाटा छपरातून येतो. भिंतींवर ऊन तिरकं पडतं, छपरावर दिवसभर. आपल्याकडे घरांसाठी बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) इको निवास संहिता आहे, २०१८ची. त्यात छपराचा यू व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती झिरपते त्याचा आकडा, १.२च्या खाली असावा असं म्हटलंय. नुसता उघडा पाच-सहा इंची आरसीसी स्लॅब तीनच्या वर जातो. म्हणजे अडीच-तीनपट. ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी लिहिलीये, तुमचे सहा गुंठे म्हणजे ६०७ होतात, आणि तुमच्याकडे परवानगीच्या वेळी कुणी विचारो न विचारो, आर्किटेक्टला हा आकडा कागदावर मागा. स्लॅब ओतून त्यावर शोभेला कौलं चिकटवायची फॅशन आहे ती तर अजिबात नको, त्यात ना कौलाचा फायदा ना स्लॅबचा.

वाड्यात वरून कौलं, त्याखाली हवेची पोकळी किंवा माळा, आणि खाली लाकडी कडीपाट असे थर असायचे, आणि खरं काम त्या मधल्या पोकळीचं होतं. तुम्ही वासे, रीपा, कौलं घ्या, त्याखाली उष्णता अडवणाऱ्या बोर्डचा एक थर आणि मग खालून फळ्या, आढ्याशी हवा निघून जायला फट. झालं. स्वयंपाकघरावर मधे मधे चार-पाच काचेची कौलं टाका, बायकोचा अंधाराचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो (जास्त नको, चारऐवजी वीस टाकलीत की खाली भट्टी). बाकीचा अर्धा प्रश्न उत्तरेच्या मोठ्या खिडकीने सुटेल. उत्तरेला ऊन मुख्यतः जूनच्या आसपास येतं, तेही सकाळ-संध्याकाळ तिरकं आणि दुपारी माथ्यावरून, छोटा छज्जा पुरतो. पश्चिमेला मात्र मोठी खिडकी नकोच, तिथे जिना, बाथरूम, कोठीची खोली असं काहीतरी घाला. तिकडचं ऊन ही मंडळी झेलतील.

मंगळुरी कौलांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. आपण ज्याला "अस्सल पेशवाई" म्हणतो ते चपटं लाल कौल पेशव्यांनी बघितलंच नव्हतं. मंगळूरच्या बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५चा, आणि पेशवाई संपली १८१८ला. त्याआधी कुंभाराने केलेली नळीची कौलं असत. आणि शनिवारवाड्याची गोष्ट तुम्ही सातारकडचे म्हणजे ऐकली असेलच, दगडी बांधकाम फक्त छत्रपतींनी करायचं अशी हरकत साताऱ्याहून आली म्हणून खाली दगड आणि वरचे मजले विटांचे झाले असं सांगतात. गोष्ट खरी की सांगोवांगी ते सोडा, पण पेशवाईतल्या बऱ्याच वाड्यांत दगड जोत्यापर्यंत नाहीतर जरा वर आणि पुढे वीट-चुना हाच प्रकार दिसतो. तेव्हा वरपासून खालपर्यंत दोन फुटी दगड हा तुमचा हट्ट परंपरेपेक्षाही जास्त कडक आहे! दगडाचं जोतं करा, चांगलं अडीच-तीन फूट उंच, ओल आणि साप दोन्ही लांब राहतात. वर विटांच्या जाड भिंती. बाहेरच्या भिंतींना रॅट ट्रॅप बाँड करता येतो, लॉरी बेकरांनी केरळात भरपूर वापरलेली पद्धत, विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवायची, विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णताही जरा अडते. गवंड्याला माहीत नसेल तर आधी कंपाउंडवर हात बसवून घ्या, घराच्या भिंतीवर शिकायला लावू नका.

क्लॅडिंगबद्दल माझं मत विचारलंत तर ते मला सुटावर फेटा बांधल्यासारखं वाटतं. लग्नात एक दिवस ठीक. आरसीसीचा सांगाडा, पातळ भिंती, वरून इंचभर दगडाच्या चकत्या, यात वाड्याचा खर्च होतो आणि फ्लॅटचा उकाडा मिळतो.

पण आर्किटेक्टचं आरसीसीचं म्हणणं एका बाबतीत मी शंभर टक्के उचलून धरते, ते म्हणजे भूकंप. कोयना तुमच्यापासून फार लांब नाही, ११ डिसेंबर १९६७ आईवडिलांना आठवत असेल. आणि ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीला जी हजारो माणसं गेली ती बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या जड माळवदांखाली (मातीच्या सपाट छपरांखाली) गेली. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत असं नाही. जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि छताच्या पातळीला सलग काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यात उभ्या सळ्या, दगडी भागात आरपार जाणारे जोडदगड, हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. पट्टे प्लास्टरखाली जातात, दिसत नाहीत. इथे "जुन्या पद्धतीनेच" म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, माझंही नाही.

सागवान. नवीन सागवान खांब-तुळया घेत बसलात तर आर्किटेक्टने सांगितलेला आकडा खरा ठरेल. पुणे, सातारा, नाशिककडे अजूनही वाडे पडतायत आणि त्यांचं लाकूड विकणारे लोक आहेत, तिथे जा, सुताराला सोबत न्या, खांबाच्या बुडाशी टोचून बघा कारण ओल आणि वाळवी तिथे असते, आणि जुने खिळे राहिलेत का ते बघा. मुख्य म्हणजे आधी खांब विकत घ्या आणि मग प्लॅन फायनल करा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, पूर्वी घरंच खणांत मोजायचे, तुम्हाला मिळालेल्या तुळईची लांबी हाच तुमचा खण. प्लॅन आधी काढला की मिळालेलं चांगलं लाकूड कापावं लागतं आणि जीव जातो. आणि सगळीकडे नको, ओसरीला आणि सोप्याला खांब, बाकी घर विटांवर उभं राहू दे. लाकडाजवळून जाणारी सगळी वायरिंग पाइपातून घ्या, शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला तेव्हा तर वीजही नव्हती.

चुन्याचं प्लास्टर करायचं असेल तर करा, भिंतीची ओल बाहेर पडत राहते, पण चुन्यात खरंच काम केलेला गवंडी मिळाला तरच, आणि चुना भिजत घालायला वेळ द्यायची तयारी असेल तरच. अर्धं चुना अर्धं सिमेंट असं घाईतलं काम करून नंतर चुन्याला शिव्या देणारे खूप भेटतात.

सोलर जरूर बसवा, पण "एसी फुकटात" या हिशोबात एक भोक आहे. आईवडील एसी लावणार रात्री, सोलर चालतं दिवसा, नेट मीटरिंगमुळे (दिवसा लाइनला दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते) बिलाचा हिशोब जुळतो हे खरं, पण घर गरमच राहतं. आणि बॅटरी नसलेलं साधं सोलर, लाइट गेली की तेही बंद पडतं, भर दुपारी सुद्धा, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. हे बऱ्याच जणांना बसवल्यावर कळतं! तेव्हा लाइट गेल्यावर पंखे-दिव्यांपुरता वेगळा इन्व्हर्टर ठेवा. तीन किलोवॅट तुम्हाला भरपूर होईल, दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यापुढे वाढत नाही, म्हणून तीनवर थांबणं व्यवहाराचं. पॅनल कौलांवर चढवू नका, कौल बदलायचं म्हटलं की सगळं उतरवावं लागतं. गाडीच्या शेडवर दक्षिणेकडे तोंड करून लावा, साधारण तीनशे स्क्वेअर फूट बिनसावलीची जागा लागेल. आणि पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे) घ्या, ७०-७५ वॉटऐवजी तीसेक वॉटमध्ये तेवढाच वारा. हो, पंखे लागणार. आजोबांकडे नव्हते म्हणून तुम्हीही नको असं करू नका.

आता जरा नावडतं. तीन हजार स्क्वेअर फूट कशासाठी? घरात कायम दोन माणसं, शनिवारी चार. न बांधलेल्या खोलीला वीज लागत नाही, सिमेंट लागत नाही, आणि ती झाडायलाही लागत नाही. दोन हजारात एक ऐसपैस ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, खाली दोन खोल्या आणि उत्तरेला वर एक माडी बसते. उरलेल्या पैशात चांगलं छप्पर आणि चांगलं लाकूड येईल, आणि तुम्ही आर्किटेक्टशी भांडायचे थांबाल, कारण तुमचं खरं भांडण स्टाइलवरून कमी आणि आकारावरून जास्त आहे असं मला वाटतंय. पुढे कायमचे राहायला आलात तर मागे वाढवता येईल अशी एक भिंत आत्ताच ठरवून ठेवा.

आणि प्लॅन फायनल करायच्या आधी एक काम करा. कुणा नातेवाईकाचा नाहीतर ओळखीतला जुना वाडा अजून उभा असेल तर एप्रिल-मेमध्ये दोन दिवस तिथे राहून या, चार साधे थर्मामीटर घेऊन जा. एक बाहेर सावलीत, एक माजघरात, एक माडीवर कौलांखाली, एक चौकात. दुपारी तीनला आणि पहाटे पाचला लिहून काढा. एक रात्र सगळं उघडं ठेवून आणि एक रात्र सगळं बंद करून. वर मी जे लिहिलंय ते त्या सोळा आकड्यांत तुम्हाला दिसेल, आणि नाही दिसलं तर मला कळवा. मेणवली तर तुमच्या हाकेवर आहे, नाना फडणवीसांच्या वाड्यात भर दुपारी जाऊन नुसतं कुठल्या भागात बसावंसं वाटतं ते बघा. बायकोला आणि आईंना सोबत न्या, आणि त्या कुठे बसतात ते लिहून ठेवा.

झोपाळ्याचं राहिलं. कड्या कुठल्या तुळईला येणार ते आत्ताच ठरवा आणि ती तुळई इंजिनिअरला दाखवा, झोपाळ्यावर तीन माणसं आणि दोन नातवंडं एकदम बसतात हे त्याला सांगा. पुढेमागे हलायला चार-चार फूट जागा सोडा, म्हणजे सहा फुटी ओसरीत तो आडवा लावून चालणार नाही, लांबीच्या दिशेने झुलेल असा लावा.